खाट नंबर चौदा

शिवलीलाचं काम तसं सोपं होतं. सकाळी सहाला शिवाजीनगरच्या बाजारात जायचं, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर आणि फूटपाथवर झोपलेल्यांना उठवायचं, नाव-गाव विचारून फोटो काढायचा. मग निवाऱ्याची गाडी त्यांना घेऊन जायची. माणूस गाडीत बसला की फोनमधल्या ॲपवर ‘हलवले’ या चौकोनात खूण करायची. लगेच नाव निवाऱ्याच्या यादीत चढायचं आणि नकाशावरची ती जागा हिरवी व्हायची.

पण गाडी एक आणि वॉर्ड चार. शिवाय दहाच्या ठोक्याला हयवदन सर, म्हणजे तिचे साहेब, नकाशा उघडून बसत. म्हणून सगळेच आधी खूण करत आणि मग गाडीची वाट बघत. निपाणीहून आलेली शिवलीलाही चार महिन्यांत तेच करू लागली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.

गुरुवारी तिनं गंगव्वाच्या नावापुढं अशीच खूण केली. गंगव्वा सत्तरीची, चिकोडीकडची. भांड्यांच्या दुकानाच्या भिंतीला लागून झोपायची. या कानडी शहरात मराठी बोलायला मिळतं म्हणून शिवलीलाचा हात सोडायची नाही. तिच्या अंगात ताप मुरला होता. छप्पर मिळालं नाही तर ही महिना काढणार नाही, असं तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं.

“अव्वा, आज गाडी येते. इथनं हलू नको,” असं बजावून शिवलीला पुढच्या गल्लीत गेली. गाडी वाटेतच बंद पडली.

सोमवारी पुन्हा त्या गल्लीत येऊन पाहते तर म्हातारी तिथंच.

“गाडी कवा येनार गं, पोरी?”

शिवलीलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं तिथूनच निवारा सांभाळणाऱ्या मंजुनाथला फोन लावला. “अण्णा, माझी चूक झाली. गंगव्वाचं नाव तुमच्या यादीत आलं, पण बाई इथंच राहिली.”

“कोण, गंगव्वा? ती गुरुवारपासून इथंच आहे की. चौदा नंबरची खाट. आत्ताच तांदळाची गंजी प्याली.”

कागदी घोडे नाचवायला तिच्या खात्यात कुणी कमी नव्हतं, त्यामुळे तिला आधी हसूच आलं. तरी दुपारी ती निवाऱ्यात गेली. चौदा नंबरच्या खाटेवर कुणी नव्हतं. दोरीवर हिरवं लुगडं वाळत होतं, काठाला गंगव्वाच्या लुगड्यासारखंच काळ्या दोऱ्याचं रफू. शेजारच्या खाटेवरची बाई रिकाम्या गादीकडं बघून काहीतरी सांगत होती आणि उत्तर ऐकून मान डोलवत होती.

“ही काय बसलीय,” मंजुनाथ म्हणाला. “स्वल्प अबोल आहे, पण गुणी बाई.”

शिवलीलानं गादीवर हात ठेवला. गादी तापलेली होती.

ती तडक बाजारात परतली. गंगव्वाला रोज बन देणारा चहावाला तिच्यासमोरून निघून चालला होता. शिवलीलानं त्याला अडवलं. “आज बन नाही दिला हिला?”

“कुणाला, अक्का? म्हातारी गेली ना निवाऱ्यात? बरं झालं, सुटली.”

दोन हातांच्या अंतरावर गंगव्वा पेला पुढं करून बसली होती. शिवलीलानं फोटो काढला. फोटोत भिंत आली, बोचकं आलं, पेला आला. बाई आली नाही.

“बंद झालेली केस परत उघडत नाही,” हयवदन सर म्हणाले. “आणि उघडायची कशाला? बाई खाटेवर आहे ना?”

दुसऱ्या दिवशी शिवलीलानं गंगव्वाला स्वतःच रिक्षात घातलं. निवाऱ्यात मंजुनाथनं एकट्या शिवलीलालाच नमस्कार केला. चौदा नंबरच्या खाटेपाशी गंगव्वा थबकली.

“हितं कोन तरी निजलंय गं.”

“रिकामी आहे, अव्वा. झोप तू.”

“न्हाई. माज्यावानीच म्हातारी हाय. तापानं फणफणलीया बिचारी. तिला कशाला उठिवतीस? चल माघारी.”

किती विनवलं, पण ती ऐकेना. परतताना शिवलीला रिक्षात ढसाढसा रडली. तिच्या एका बोटानं हे झालं होतं आणि ते निस्तरायला सगळे हात तोकडे होते.

शुक्रवारी सकाळी बाजारात ट्रक आला. हिरव्या झालेल्या जागांवर पुन्हा कुणी झोपू नये म्हणून सिमेंटच्या मोठ्या कुंड्या बसवायच्या होत्या.

“थांबा! माणूस आहे तिथं!”

मुकादमानं भिंतीकडं पाहिलं, मग शिवलीलाकडं. “कोण आहे, अक्का?” त्यानं समजुतीनं विचारलं.

गंगव्वानं पाय पोटाशी घेतले. “सरी, सरी. बरं, मी बसतो कडंला.”

कड उरली नव्हती.

शिवलीला कुंडीच्या वाटेत आडवी झाली. दोघा गड्यांनी तिला हलकेच बाजूला केलं.

तीन कुंड्या नीट बसल्या. चौथी डुगडुगत राहिली. मुकादमानं खाली विटेचा तुकडा सारला. तरी हलायची राहीना. मग दोन गडी वर चढले आणि त्यांनी सगळा भार टाकला.

कुंडी बसली.

शिवलीलानं डोळे उघडले तेव्हा भिंतीपाशी चार कुंड्याच होत्या. गडी माती भरत होते.

फोन वाजला. मंजुनाथ होता.

“अक्का, जरा येता का? तुमची गंगव्वा फार तळमळतेय. छातीवर ठेवलंय ते काढा म्हणते. आम्ही पांघरूणसुद्धा काढून बघितलं. काहीच नाहीये.”