पन्हळीच्या पलीकडं

महादेवाला प्रदक्षिणा अर्धीच घालायची असते. पिंडीवरचं पाणी ज्या पन्हळीतून बाहेर पडतं, ती ओलांडायची नाही. तिथवर जायचं आणि माघारी फिरायचं. आष्टीच्या डोंगरातल्या आमच्या महादेवाला माझ्या आईवडिलांनी यातही आपली तऱ्हा काढली होती. आई डावीकडून निघायची, अण्णा उजवीकडून. पन्हळीशी समोरासमोर आले की अण्णा पलीकडून तिच्या हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवायचे आणि दोघं आपापल्या वाटेनं परतायचे. गुरव कावायचा, अण्णा हसण्यावारी न्यायचे.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. आईनं अन्न जवळपास सोडलंच. "मला त्यांच्याकडं जायचंय," एवढंच बोलायची. मी तिच्यावर खेकसायचो, कारण लई भ्यायलो होतो. श्रावण लागला तशी ती महादेवाला न्यायचा हट्ट धरून बसली. शेवटी मोटारसायकलवर बसवून नेलं.

भर दुपारची वेळ. देवळात चिटपाखरू नव्हतं. गाभारा रिकामा, समई तेवढी जळत होती. प्रदक्षिणेची वाट वरून झाकलेली, दगडी. तिची दोन्ही तोंडं माझ्यासमोर होती आणि आतून वटवाघळांचा उग्र वास येत होता.

"तू हितंच थांब, अंगद."

"कावून? मी येतो की संगं."

"न्हाई. आमची वाट हाय ती."

ती डावीकडून अंधारात शिरली. तिची अनवाणी पावलं ऐकू येत राहिली. मग उजवीकडूनही पावलं वाजू लागली... सावकाश, ओळखीची. त्या तोंडातून माझ्यादेखत कुणीच आत गेलं नव्हतं.

मी आईमागं धावलो. मोबाईलच्या उजेडात ती दिसली. पन्हळ कोरडी ठणठणीत, आणि आई पातळ वर धरून, पाऊल उचलून उभी.

"आई... नको..."

"येते की मी बी," ती म्हणाली. माझ्याशी नाही.

तेवढ्यात पन्हळीतून पाणी आलं. पिंडीवर कुणी घागरीमागून घागरी ओताव्यात तसं, धो धो, काठोकाठ. गार शिंतोडे माझ्या तोंडावर उडाले. आईनं पाऊल मागं घेतलं. माझे हात आपोआप जोडले गेले. भीती होतीच, पण तिच्याहून मोठं काहीतरी छातीत दाटून आलं होतं. देव इतका जवळ असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

पाणी ओसरल्यावर मी पलीकडं उजेड टाकला. भिंतीपासून भिंतीपर्यंत कोळ्याचं जाळं होतं, अख्खं.

बाहेर ओट्यावर बसून आई खोबरं खात होती. कुठलं, ते मी विचारलं नाही.

घरी येऊन ती पोटभर जेवली. वर्षभर खणखणीत आहे. माझ्या बायकोशी भांडते, गावभर हिंडते. महादेव पावला, असं लोक म्हणतात. मीही म्हणतो.

"अण्णा काय बोलले गं तिथं?" मी एकदाच विचारलं.

"'औंदा न्हाई,' म्हणले."

परवा तिनं ट्रंकेतलं नवं पातळ काढून उन्हात घातलं आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "अंगद, श्रावणाचा पयला सोमवार कधी येतोय रे?"