डाव्या हाताला काही नाही

ते साल १९५८. मी एकोणीस वर्षांची होते आणि जपानातल्या कोचीहून मुरोतोच्या टोकापर्यंत जाणाऱ्या सहलीच्या बसवर गाइड म्हणून नुकतीच लागले होते. निळा गणवेश, निळी टोपी, पांढरे हातमोजे, गळ्यात शिट्टी. वडील बोटीवर पाय मोडून घरी बसलेले, पाठच्या दोन बहिणी शाळेत. माझी नोकरी गेली असती तर त्यांची शाळा सुटून दोघी मासे सुकवण्याच्या शेडमध्ये गेल्या असत्या.

गाइडनं रस्त्याकडे पाठ आणि प्रवाशांकडे तोंड करून उभं राहायचं, मान वळवायची नाही, हा नियम. आम्हाला शिकवणारी तोमीताई म्हणायची, "मागे वळून बघितलंस म्हणजे ड्रायव्हरवर तुझा विश्वास नाही. मग लोक तुझ्यावर कसा ठेवतील?"

त्यामुळे रस्ता पाठीनं शिकायचा. लाकडी पूल तळव्यांना कळायचा, मासळीबाजार नाकाला. वळणं मोजत योग्य क्षणी हात उचलायचा आणि म्हणायचं, "उजव्या हाताला पाहा." त्या वाटेवरची एकही गोष्ट मी बसमधून धड पाहिली नव्हती. मी पाहिले ते चेहरे. किरागावाच्या चुन्याच्या भिंती आल्या की चाळीस चेहरे एकदम उजळायचे. शुभ्र कपड्यांतले यात्रेकरू चालताना दिसले की म्हाताऱ्या हात जोडायच्या. समुद्र उघडा झाला की सगळ्यांचे ओठ जरासे विलग व्हायचे. अजूनही मला ती वाट तशीच आठवते, माणसांच्या तोंडांवर.

कोणत्या वळणाला काय बोलायचं ते तोमीताईनं एका वहीत लिहून दिलं होतं. हाने गाव सोडल्यावर तिसऱ्या वळणापाशी एवढंच होतं: डाव्या हाताला काही नाही. बारापर्यंत मोजावे.

"काही नाही तर लिहिलंय कशाला?" मी विचारलं.

"मोज म्हटलं की मोजायचं. जीभ फार चालते तुझी, नोबुए."

पहिल्याच फेरीत मी गप्प राहून मोजू लागले. चारवर सगळ्या माना डावीकडे, डोंगराच्या बाजूला वळल्या. मी हात उचलला नव्हता. चेहरे मिटत गेले. दारात आलेल्या नको असलेल्या माणसाकडे बघावं तसे सगळे बघत होते. बाराला माना सरळ झाल्या आणि तीच नजर माझ्यावर येऊन थांबली.

त्यानंतर दिवसभर कुणी हसलं नाही. मी दिलेला चहा एकानं माझ्यासमोर खिडकीतून ओतला. आठवड्यानं तक्रारीचं पत्र आलं. गाइड उर्मट आहे.

दर फेरीला तेच. एकदा मी मोजायचं सोडून किनाऱ्यावरचं गाणं सुरू केलं, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. चारवर माना वळल्या. टाळ्या तालात चालूच राहिल्या.

एका म्हातारीला मी हळूच विचारलं, "आजी, मघाशी डावीकडे काय होतं?"

"ठाऊक असून विचारतेस?" ती म्हणाली आणि पिशवी मांडीवर ओढून घेतली.

ड्रायव्हर कादोताकाका त्या वळणाआधी डाव्या आरशावर टॉवेल टाकायचे. त्यांना विचारलं तर म्हणाले, "मी रस्ता बघतो. तू माणसं बघ. दोघांची पोटं भरताहेत ना?"

शरद ऋतूपर्यंत दोन तक्रारी झाल्या. तिसरीला घरी पाठवत. तोमीताईनं बजावलं, "अजून एक पत्र आलं की शिट्टी काढून दे. रडत माझ्याकडे यायचं नाही."

त्या दिवशी डोंगरातल्या एका गावची मंडळी होती, भाताची कापणी उरकून निघालेली. सकाळी सगळे खुशीत. पहिल्या बाकावरच्या जाड्या बाईनं मला सोललेलं संत्रं भरवलं. मागून एक तात्या ओरडले, "बाहेर काय बघायचंय? बघण्यासारखं तर समोर उभं आहे!"

"तात्या, घरी काकू आहेत ना?" मी म्हटलं. बस हसली. वाटलं, आज निभावेल.

तिसऱ्या वळणाला समोरून लाकडांचा ट्रक आला. रस्ता एकाच गाडीपुरता, उजवीकडे कडा, खाली समुद्र. बस मागे, रस्ता रुंद होता तिथवर घ्यायला हवी होती.

"उतर," कादोताकाका म्हणाले. टॉवेल आरशावर होताच. "मी शिट्टी ऐकेन. बघणार नाही."

दार डाव्या बाजूला. मी उतरून बसच्या मागच्या टोकाशी गेले आणि पहिल्यांदा ती जागा पाहिली. ओला कातळ, नेचे, आणि कातळात दोन पावलं मावतील एवढी खाच. दुसरं काही नाही. मला हायसं वाटलं. गाडी आणि कातळ यांच्यामध्ये उभं राहायला तेवढीच जागा होती, म्हणून मी खाचेत शिरले आणि शिट्टी वाजवली.

बस मागे सरकू लागली. एकेक खिडकी माझ्यासमोरून गेली.

प्रत्येक खिडकीत तोच मिटलेला चेहरा होता.

तात्या. सकाळी यात्रेकरूंना हात जोडलेल्या म्हाताऱ्या. शेवटी संत्रं भरवणारी बाई. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटले.

मी थांबण्याची शिट्टी दिली. बस थांबली. ट्रक निघून गेला. बस पुढे आली, खिडक्या पुन्हा समोरून गेल्या, दारही गेलं.

ती थांबली नाही.

मी ओरडत मागे धावले. मागच्या काचेतून, सगळ्या डोक्यांच्या पलीकडे, निळी टोपी दिसली. रस्त्याकडे पाठ करून कुणी उभं होतं. त्यानं पांढऱ्या हातमोज्यातला हात उचलला.

सगळी बस हसली.

मी हानेपर्यंत चालत गेले आणि नेहमीच्या गाडीनं संध्याकाळी डेपोत पोचले. सहल तासापूर्वीच परतली होती. डेपोच्या हजेरीवहीत माझी सही होती, माझ्याच अक्षरात. तोमीताईनं माझ्या चिखलानं भरलेल्या बुटांकडे पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा मला चहा ओतून दिला.

"एकदाच होतं," ती म्हणाली. "आता पत्र येणार नाही."

पत्र आलं, पण कौतुकाचं. त्यानंतर त्या वळणावर कुणी डावीकडे वळलं नाही. बाराही अंक सगळे माझ्याकडे पाहून हसत राहायचे. मी अकरा वर्षं ती नोकरी केली. एक बहीण शिक्षिका झाली, दुसरी नर्स. तोमीताईनं आकी गावात खानावळ काढली. गिऱ्हाइकांकडे तोंड करून ती कधी उभी राहिली नाही म्हणतात. कादोताकाका निवृत्तीनंतर पपनसाची बाग सांभाळू लागले. पुढे बोगदा झाला आणि ते वळण बंद पडलं.

गेल्या वर्षी नातीनं मला हौसेनं मुरोतोला नेलं. आता बसमध्ये गाइड नसते, ध्वनिमुद्रित आवाज असतो. मी पहिल्यांदाच प्रवासी म्हणून डाव्या खिडकीशी बसले होते. दरड कोसळल्यामुळे गाड्या जुन्या रस्त्यानं वळवल्या होत्या.

तिसऱ्या वळणाला, कातळातल्या त्याच खाचेत एक मुलगी उभी होती. निळा गणवेश, तोंडात शिट्टी, बूट कोरडे.

मला तिची भयंकर चीड आली. हिनं इथं उभं राहावंच कशाला? शेजारी नातीचाही चेहरा मिटला होता.

ती मुलगी आमच्याकडे टक लावून पाहत होती. एकेका खिडकीतला चेहरा निरखत होती, आम्हाला काय दिसतंय ते शोधत.

माझी खिडकी आली तेव्हा मी ओठ घट्ट मिटले.