उलटा शिक्का

वर्षाच्या शेवटी कोन्यामाची या जुन्या रंगाऱ्यांच्या गल्लीत तीन रात्री आगीचा पहारा असतो. लाकडाच्या दोन दांड्या एकमेकींवर आपटायच्या, "चूल विझवा, दिवा मालवा" असं ओरडायचं आणि गल्लीतून दोन फेऱ्या मारायच्या. नऊची फेरी झाली की अकराच्या फेरीपर्यंत तरणी मंडळी पहाऱ्याच्या खोलीत स्टोव्हभोवती बसतात, रताळी भाजतात आणि नुकागा न्हाव्याच्या मागे लागतात.

"काका, उसुई आजीचं सांगा ना. पण खरं सांगा हं."

"खोटं सांगायला मी काय गल्लीच्या समितीचा माणूस आहे?" नुकागाकाका म्हणाले. वय सत्त्याहत्तर, पण वस्तरा धरला की हात अजून दगडासारखा. "हे टोफूवाल्या हिसाएच्या बाबतीत घडलं. तिनंच मला माझ्या दुकानाच्या पायरीवर बसून सांगितलं. सांगताना एकदाही माझ्या तोंडाकडे बघितलं नाही. दोन वर्षं झाली. सत्तावीस डिसेंबर, शुक्रवार, रात्रीचे दहा वाजून वीस मिनिटं."

स्टोव्हवरची किटली त्यांनी बाजूला काढून ठेवली. तिचा आवाज नको होता त्यांना.

त्या रात्री हिसाए पाटी द्यायला निघाली होती.

पाटी म्हणजे चिमटा लावलेला पुठ्ठा. त्यावर गल्लीची सूचना लावायची. कचऱ्याचा वार बदलला, नळाला पाणी नाही, अमक्याच्या घरी मयत झाली. एका घरानं वाचायचं, आपल्या चौकटीत घराण्याच्या नावाचा शिक्का मारायचा आणि शेजारच्या दाराच्या आकड्याला अडकवायचं. घर वगळायचं नाही. भांडण असलं तरी नाही. शिक्क्याचा अर्थ एवढाच, की वाचलं. आजोबा-पणजोबांपासून हेच चालत आलंय.

आणि याच पाटीनं गल्लीचा घात केला.

झालं असं. समितीचा अध्यक्ष ओगिसो, कापडदुकानवाला, त्याच्या डोक्यात जुनी गल्ली सुधारायचं भरलं. शहरातून दोन तज्ज्ञ आणले, पंचविशीतले. मंदिराच्या दालनात सगळ्यांना बोलावलं, चहा दिला, भाताचे गोळे दिले, भिंतीवर गल्लीचा हा एवढा नकाशा लावला. "तुमच्या मनातलं लिहा आणि चिकटवा," म्हणाले. रंगीत चिठ्ठ्याच चिठ्ठ्या! कुणी लिहिलं, म्हाताऱ्यांना टेकायला बाक हवं. कुणी लिहिलं, कंदील हवेत. एकानं लिहिलं, ओगिसोचं कुत्रं बांधून ठेवा. हसून हसून पुरेवाट झाली. उसुई तोमेआजी एक्क्याण्णव वर्षांची. तिनं लिहिलं, "आमच्या दारातल्या विहिरीचं झाकण काढा. रंगाऱ्यांचं पाणी आहे ते, त्याला उजेड दाखवा."

मग त्या सगळ्या कल्पनांची एक यादी छापली आणि पाटीवर फिरवली. त्या दोन वर्षांत पाटी फिरवायची पाळी हिसाएकडे होती. ती दारोदार गेली.

तोमेआजीनं शिक्का हातात घेतला आणि थांबली. तो तिच्या नवऱ्याचा शिक्का, पिवळसर, घट्ट लाकडाचा. म्हातारा गेंगो असा खट, की एखादी गोष्ट पटली नाही तर शिक्का मुद्दाम उलटा मारायचा. डोकं खाली, पाय वर. शिक्क्याला वरची बाजू कळावी म्हणून खाच असते, ती त्यानं कानशीनं घासून टाकली होती. म्हणायचा, "खाच असली की हाताला सरळ मारायची सवय लागते. प्रत्येक वेळी बघून मारावं माणसानं." गल्लीला माहीत होतं. उसुईचा उलटा शिक्का म्हणजे वाचलं, पण मान्य नाही.

"पोरी, यात माझी विहीर कुठे दिसत नाही गं," तोमेआजी म्हणाली. "उलटा मारू का?"

"अहो आजी, हे नुसतं वाचल्याचं आहे. उलटा मारून कशाला उगाच तमाशा?"

"तू म्हणतेस म्हणून," आजी म्हणाली.

आणि हिसाएनं आजीच्या बोटांत तो शिक्का स्वतःच्या हातानं फिरवून सरळ केला.

पुढच्या महिन्यात अहवाल आला. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. शेवटच्या पानावर त्याच अकरा शिक्क्यांचा फोटो. वर मथळा : अकराही घरांची संमती. कशाला संमती? तर उसुईचं घर पाडून तिथं पर्यटकांच्या बसगाड्यांचा तळ करायला. घर आजीचं, पण जमीन गल्लीच्या सामायिक मालकीची. गल्लीनं एकमतानं नाही म्हटलं की भाडेपट्टा संपला. एकमत तर कागदावर होतंच, आणि त्यात आजीचंही!

यांना लोकांच्या कल्पना हव्या असतात म्हणे. आधी ठरवायचं आणि मग विचारायचं, याला कल्पना म्हणत नाहीत. याला गळा कापण्याआधी मान मोजणं म्हणतात.

हिसाए ओगिसोकडे धावत गेली, ओरडली, रडली. पण कागद तिनं फिरवला होता. गल्लीत कुणी तिला काही बोललं नाही. ते जास्त वाईट. आजीला वृद्धाश्रमात हलवलं त्या दिवशी आजी गाडीत बसताना एवढंच म्हणाली, "शिक्का तूच फिरवलास ना गं?"

तेविसाव्या दिवशी आजी गेली.

शवपेटी बंद करताना हिसाएनं तो शिक्का आजीच्या मुठीत ठेवला. चष्मा मात्र काढून घ्यावा लागला. काच जळत नाही, भट्टीवाले ठेवू देत नाहीत. तो हिसाएच्या दुकानातल्या खणात पडून राहिला. शिक्का जळाला, आजी जळाली, घर पाडलं, विहीर बुजवली आणि वर खडी पसरली.

आणि त्या सत्तावीस तारखेला ओगिसो पुन्हा आला. हातात नवा कागद.

"हिसाएबाई, दुसरा टप्पा. आपल्या गल्लीसाठी आणखी कल्पना."

"कुणाची घरं?"

"घरंबिरं काय? कल्पना! उद्या दुपारी या वर्षातली शेवटची बैठक आहे. सकाळपर्यंत सगळ्यांचे शिक्के हवेत." मग आवाज उतरवून म्हणाला, "तुमचं दुकान नव्या रस्त्याच्या पहिल्या रांगेत येतंय. नकाशा मी स्वतः बघितलाय. रस्त्यात येणाऱ्या पाच घरांची जागा... ती तशीही सामायिकच आहे."

पाच घरं. त्यात नुकागाचं सलूनही होतं.

हिसाएला सगळं कळत होतं. न कळण्याइतकी ती भाबडी उरली नव्हती. पण नवरा गेलेला, दुकानाचं छप्पर गळतंय, पन्नाशी उलटलेली. तिनं ओगिसोच्या डोळ्यांदेखत आपला शिक्का मारला. सरळ. यादीत आता दहाच चौकटी होत्या. उसुईची चौकट काढून टाकली होती.

दहा वाजून वीस मिनिटांनी ती पाटी घेऊन बाहेर पडली. पुढचं घर नुकागाचं. मध्ये उसुईची मोकळी जागा, खडीची. वीस पावलं, फार तर बावीस. एरवी ती पाण्याच्या पाटाच्या कडेनं वळसा घालून जायची. त्या रात्री थंडी होती, म्हणून सरळ निघाली.

खडी पायाखाली करकर वाजत होती. सात पावलं. आठ. नऊ.

दहाव्या पावलाला खडी वाजली नाही.

पायाखाली लाकूड होतं. उंबऱ्याचं. मध्ये झिजून खोलगट झालेलं.

हिसाए थांबली. समोर काही नव्हतं. पलीकडे नुकागाच्या दुकानाचा दिवा नेहमीसारखा दिसत होता. पण नाकात वास आला... कामेलियाच्या तेलाचा. आजी केसांना लावायची, तो.

मग विहिरीत बादली पडल्याचा आवाज. खोल पाण्यात.

विहीर तर बुजवली होती...

सर्रकन एक दार सरकलं. दार दिसलं नाही. आवाज मात्र तिच्या कानाशी आला.

"कोण? हिसाए का?"

हिसाएनं पाटी छातीशी धरली.

"पाटी आणलीस? बरं केलंस. मला वाटलं, या खेपेला मला वगळता की काय."

हिसाएनं पलीकडच्या दिव्याकडे बघितलं.

"वाचून दाखव, पोरी. मला दिसत नाही. चष्मा तुझ्याकडेच राहिला."

हिसाएच्या हातातली पाटी जड झाली. कुणीतरी वरून हात टेकवावा तशी.

"नाही वाचत? बरं. राहू दे. तू म्हणतेस म्हणून मारते."

तिच्या उजव्या तळहातात काहीतरी आलं. लहानसं. लाकडी. खाच नसलेलं. आणि गरम... भट्टीतून आत्ता काढल्यासारखं.

"कोणती बाजू वर, कळत नाही गं. तूच फिरवून दे."

शिक्का तळहातात पोळत होता.

"मागच्या वेळी दिलास तसा."

बादली वर येत होती. दोर कुरकुरत होता. पाणी ठिबकत होतं. एक थेंब. आणखी एक.

हिसाएनं बोटांत तो शिक्का फिरवला. कुठल्या बाजूला फिरवला, ते तिनं कधीच सांगितलं नाही. नुकागानं विचारलं होतं. ती पायरीकडे बघत राहिली.

पाटीवर दाब आला. हलकाच. शिक्का मारताना येतो, तेवढा.

मग पायाखाली पुन्हा खडी. हिसाए पळाली. दार लावलं, कडी घातली. तेव्हा लक्षात आलं, हातात पाटी नाही.

रात्रभर झोप नाही. तीनला उठायचं होतं, सोयाबीन वाटायचं होतं. तिनं गिरणी लावली, दूध उकळायला ठेवलं, हात कामाला लावले. पाचला दार उघडलं.

पाटी तिच्या दाराच्या आकड्याला लटकत होती. गल्लीची पूर्ण फेरी करून आलेली.

दहा चौकटींत दहा शिक्के होते. पहिला तिचा, सरळ. बाकीचे नऊच्या नऊ उलटे. डोकं खाली, पाय वर. आणि पहिल्या दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर, जिथं चौकटच नव्हती, तिथं अकरावा शिक्का. उसुई. तोही उलटा. अकरा शिक्क्यांत सरळ उभा होता तो एकटा हिसाएचा.

ती तिथंच पायरीवर बसली. सोयाबीनचं दूध आत उतू गेलं, तिला कळलं नाही.

दुपारी ती बैठकीत गेली. ओगिसोनं कागद बघितला, पुन्हा बघितला. "हा अकरावा कुठला?" त्यानं अंगठ्यानं चोळून पाहिला. अंगठा लाल झाला.

"हा काय चावटपणा आहे, हिसाएबाई?"

"चावटपणा मी मागच्या वर्षी केला," हिसाए म्हणाली. कमरेच्या पिशवीतून आपला शिक्का काढला, शाईच्या डबीत दाबला आणि त्याच्या नाकासमोर सरळ शिक्क्याशेजारी उलटा मारला. "हा वाचा. पहिल्या रांगेत तुमचं दुकान घाला."

त्या बैठकीत दुसरा टप्पा बारगळला. पाच घरं अजून उभी आहेत. गल्ली हिसाएकडून टोफू घेते. पण पाटीची पाळी तिच्याकडे पुन्हा कुणी दिली नाही, आणि तिनं मागितलीही नाही.

नुकागाकाका थांबले. स्टोव्ह फुरफुरत होता. रताळ्यांची सालं कुणी सोललीच नव्हती.

"पण काका," एक मुलगी म्हणाली, "पाटी फिरवली कुणी?"

"मला पावणेअकराला मिळाली. दारावर टकटक झाली. उघडलं तर आकड्याला पाटी, माणूस नाही. वर उसुईचा शिक्का, अजून ओला. मी म्हातारा माणूस, समजायचं ते समजलो. माझा उलटा मारला आणि पुढे नेऊन दिली. माझा बघून पुढच्यांनी मारले."

"म्हणजे मग हिसाएमावशीनंच मारला असेल तो! कुठून तरी तसाच शिक्का करून घेतला असेल."

"मलाही तसंच वाटलं होतं," काका म्हणाले. "वर्षभर वाटत होतं. त्यात बरंही वाटत होतं. म्हटलं, पोरीनं शेवटी माणुसकी दाखवली."

त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. ओगिसोनं तो कागद फाडायला घेतला होता, तेव्हा काकांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला होता. तेव्हापासून तो इथंच आहे. रोज संध्याकाळी दुकान बंद केलं की काका इथं येतात आणि कागद त्या दिवशीच्या वर्तमानपत्रात नव्यानं गुंडाळून ठेवतात. का, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

आता त्यांनी डबा स्टोव्हशेजारी उघडला. कागदाला हात लावला नाही. वरची घडी फक्त नखानं उचलली.

बाहेर अकराची घंटा झाली. फेरीला कुणीच उठलं नाही.

वर्तमानपत्र आजचंच होतं. आणि त्याच्या आतल्या अंगावर, तारखेच्या खाली, उसुईच्या शिक्क्याचा एकच गोल, लाल ठसा उमटला होता. ओला.