शून्याची दुरुस्ती

पालघरच्या कचेरीत मी महिन्याच्या पावसाचे नकाशे काढतो. वरून आलेल्या तक्त्यात हिमवर्षावाचाही एक रकाना आहे. बोईसरला बर्फ फक्त मासळीच्या खोक्यात सापडतो, हे कुणाला कळवायचं? दर महिन्याला मी तिथे मुकाट शून्य भरतो.

पावसाच्या रकान्यातलं शून्य मात्र मला खपत नाही. गावोगावी आमची माणसं रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजतात आणि आकडा फोनवर पाठवतात. आळशी माणूस अंगणात जायच्या कंटाळ्याने शून्य ठोकून देतो. म्हणून मी संगणकाला शिकवून ठेवलं होतं, की आजूबाजूला धो धो पाऊस असताना कुणी शून्य पाठवलं, तर ते खोडून शेजारच्या गावांची सरासरी भरायची. नकाशा देखणा येई. त्यासाठी मला शाबासकीही मिळाली होती.

ऑगस्टच्या शेवटी आठवडाभराची पुराची ड्यूटी संपवून मी तारापूरकडच्या एका कोळीवाड्यात गेलो. तिथे पाऊस मोजणारा दामू जुलैत वारला होता, त्याची वही आणायची होती. त्याच्या बायकोने, शकूने, ती काढून दिली. शेवटच्या पानावर ओळीने नऊ शून्यं होती. त्या दिवसांत शेजारच्या गावांत रोज शंभर मिलिमीटर पडला होता. बरा कामचुकार होता, असं काहीतरी मी पुटपुटलो.

"भर आषाढात अंगणात जवळा सुकवला मी," शकू म्हणाली. "शेजारी पाऊस, आमच्यात थेंब नाय. नऊ दिवस. दहाव्या दिवशी हे मोजाय गेले ते तिथंच पडले. मंग पाऊस आला."

योगायोग, असं म्हणून मी रिक्षात बसलो. निव्वळ खात्रीसाठी फोनवर मूळ आकडे उघडले. बोईसरच्या एका कारखान्यात चंद्रभान नावाचा वॉचमन पाऊस मोजायचा. तोही या महिन्याच्या सुरुवातीला गेला होता. त्याचीही शेवटची नऊ शून्यं.

मग सालवड पाहिलं.

सालवडचा पर्जन्यमापक माझ्याच अंगणात आहे. मी ड्यूटीसाठी पालघरला मुक्कामाला असल्यापासून आकडा माझी बायको सलोनी पाठवत होती. संगणकाने तो रोज दुरुस्त केला होता. मूळ रकान्यात आठ शून्यं होती.

मी घाबरलो. रिक्षावाल्याला जोरात घे म्हटलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाऊस थांबला. मागे वळून पाहिलं, तर नाक्यावर तो पडतच होता.

अंगणात दोरीवर कपडे वाळत होते. माझा भिजलेला अवतार बघून सलोनीला हसू आलं.

"आठ दिवस झाले, एकाही टॉवेलला कुबट वास नाही," ती म्हणाली. "तुमच्या नकाशात आपलं घर आलंय की नाही?"

मनोरला तिच्या बहिणीकडे जाऊ म्हटलं, तर तिकडचा रस्ता पाण्याखाली होता. तिला मी काहीच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेआठला मी तिच्याआधी अंगणात गेलो. पर्जन्यमापकात थेंब नव्हता. नववं शून्य.

वहीत मोजणाऱ्याच्या नावाचा रकाना असतो. तिथे माझं नाव लिहिलं. मग वरच्या आठही ओळींतलं सलोनीचं नाव खोडलं आणि तिथेही माझं घातलं. दुरुस्तीची मला सवयच आहे.

वही मिटली आणि पत्र्यावर थेंब वाजले.

सलोनी कपडे काढायला धावली. क्षणात चिंब झाली.

"अहो, बघताय काय? धरा हे," म्हणत तिने ओली चादर माझ्या हातात कोंबली.

तिच्या केसांतून पाणी निथळत होतं.

मी तिच्या शेजारीच उभा होतो. माझा सदरा कोरडा होता.