रिकामा खिळा

माझी धाकटी बहीण ओमा लग्न करून ओहायोला गेली आणि जाताना आमच्या म्हाताऱ्या वडिलांनाही घेऊन गेली, ते साल १९५७. आई आधीच देवाघरी गेली होती. खाण कंपनीचं घर कंपनीनं परत घेतलं. मी सत्तावीस वर्षांची, बिनलग्नाची. लिहायवाचायला शिकले तीच मुळी एकोणिसाव्या वर्षी, चर्चच्या तळघरात. तरी प्रॅक्टिकल नर्सच्या शाळेची परीक्षा दिली आणि पास झाले. शाळा वर्षाची होती, डोंगरापलीकडच्या खाणकामगारांच्या दवाखान्यात. नापास झाले असते तर परत जायला मला एक उंबरठासुद्धा नव्हता.

जानेवारीत एका दुपारी मी बसमधून उतरले. गारठलेला पाऊस तिरका लागत होता. हातातली पेटी सांभाळत पहिलं दार दिसलं तिकडे धावले. पायरीवर एक माणूस बसला होता. एक पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये, बोटांत विझलेली सिगारेट.

"बाई, दार चुकलंत," तो म्हणाला.

"का? हे दवाखान्याचं नाही?"

"आहे की. पण इथून गिऱ्हाईक बाहेर पडतं... आडवं होऊन."

मी दोन पावलं मागं सरले. तो हसला. कोळशाचे निळे डाग कपाळात मुरलेले, आणि डोळे असे, की जणू फार दिवसांनी ऊन पाहतायत.

"शाळेचं दार पलीकडे," तो म्हणाला. "माझं नाव व्हर्लिन स्टिडम. दाखवायला आलो असतो, पण पाय अजून माझं ऐकत नाही."

मी नाव सांगितलं नाही. ओल्या केसांनी तशीच निघाले, पण वळताना एकदा मागे बघितलंच.

आम्हाला शिकवायला मिस हेन्सली होत्या. उंच, ताठ, आवाज कधी न चढवणाऱ्या. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "रोग्याशी कामापुरतं बोलायचं. जी मुलगी रोग्याशी लाडीगोडी करताना दिसेल, ती नर्सची टोपी न घेता घरी जाईल." बाकीच्या मुली खाली मान घालून हसल्या. मी नाही हसले. घरी जाईल म्हणजे कुठं जाईल, हे मला कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

वॉर्डात गेले तर तिसऱ्या खाटेवर तोच. रोगी खाटेवर असतानाच चादर बदलायची, आणि खालचा कोपरा तिरका दुमडून गादीखाली घट्ट खोचायचा, हा आमचा पहिला धडा.

"बाई, पाय मोडलाय माझा," व्हर्लिन कुजबुजला. "पळून नाही जाणार. एवढं आवळता कशाला?"

"मिस हेन्सली नाणं टाकून बघतात. उडालं पाहिजे."

"मग नाणं उडेल, आणि मी इथंच राहीन."

"गप्प बसा हो."

"नाव सांगा, मग बसतो."

"...ऑर्लीना."

तो खरंच गप्प बसला. पार जेवणाची गाडी येईपर्यंत. तेवढ्यानंच मला दिवसभर चुकल्याचुकल्यासारखं झालं.

रविवारी भेटीची वेळ असे. वॉर्डात बायका येत, पोरं येत, सुक्या सफरचंदांच्या केकचा वास सुटे. व्हर्लिनच्या खाटेशी कुणी यायचं नाही. आई नव्हती, भाऊ डेट्रॉइटला मोटारींच्या कारखान्यात. इकडे वसतिगृहातल्या मुली घरी जायच्या. दारात एक फळी होती, तिच्यावर खिळ्याला प्रत्येकीच्या नावाची लाकडी पाटी. बाहेर जाताना पाटी उलटी करायची, आल्यावर सुलटी. रविवारी सगळ्या पाट्या उलट्या, आणि मधोमध माझी एकटी सुलटी. मग मी जादा पाळी मागून घ्यायची.

"तुमच्याकडं कोणी येत नाही, तुम्ही कुठं जात नाही," व्हर्लिन एकदा म्हणाला. मी त्याला पाणी देत होते.

मी त्याला पाटीची गोष्ट सांगितली. का सांगितली, कोण जाणे. त्यानं उशीखालून एक पितळी बिल्ला काढून मला दाखवला. त्याच्यावर आकडा ठोकलेला.

"आमच्या खाणीवरही फळी आहे. बाहेर असलं की हा खिळ्यावर. आत उतरताना काढून बरोबर घ्यायचा. वर आलं की परत टांगायचा. ज्याचा खिळा रिकामा, तो अजून आत... मग पोरं शोधायला जातात."

"आणि तुमचा तर इथं आहे!"

"छत कोसळलं तेव्हा खिशात होता. म्हणजे खाणीच्या लेखी मी अजून आतच."

"अहो, मग परत पाठवा ना! लोकांच्या जिवाला घोर."

"त्यांना ठाऊक आहे मी इथं आहे. पण रिकामा खिळा बघवत नाही म्हणतात." त्यानं बिल्ला मुठीत मिटला. "तुमचं उलटं आहे, ऑर्लीनाबाई. तुम्ही कायम आत, आणि फळीवर सगळं ठीक दिसतं."

मी पेला घेऊन निघून गेले. धुण्याच्या खोलीत नळ सोडून उभी राहिले... बराच वेळ.

एप्रिलात त्याला घरी सोडलं. मिस हेन्सली शेजारीच उभ्या होत्या, म्हणून तो नुसतं "येतो, बाई," म्हणाला आणि कुबडी टेकत गेला. खाट धुवायचं काम माझ्याकडं आलं. चादर ओढली, उशी उचलली, तर खाली बिल्ला.

मला वाटलं, विसरला! डोळ्यांपुढं तो रिकामा खिळा आला. रोग्याची राहिलेली वस्तू त्याच घडीला वर द्यायची, हा नियमही होता. मी धावत जाऊन बिल्ला मिस हेन्सलींच्या हातात दिला. त्यांनी दुसऱ्याच दिवशी खाणीवर धाडला. चांगलं काम केलं, या समाधानात मी झोपले.

नंतर व्हर्लिन आला नाही. निरोप नाही, काही नाही. मी वाट बघत नव्हते... पण त्या चुकलेल्या दारावरून जाताना पायरीकडं नजर जायचीच.

जुलैत टोप्या मिळाल्या. चर्चमध्ये प्रत्येक मुलीच्या नावाची एक खुर्ची घरच्यांसाठी ठेवली होती. मिस हेन्सलींनी माझ्या केसांत पांढरी टोपी टोचली, हातात पेटती मेणबत्ती दिली. मी वळून बघितलं. माझ्या खुर्चीवर कुणीतरी आपला ओला रेनकोट टाकला होता.

पानगळ सुरू झाली तेव्हा त्याच तिसऱ्या खाटेवर व्हर्लिनच्या खाणीतले आर्विलकाका आले. म्हातारे, खोकल्यानं बेजार, पण जीभ तिखट.

"तूच का गं ती ऑर्लीना? आमच्या व्हर्लिनचा बिल्ला परत धाडणारी?"

"विसरले होते ते, काका."

"विसरतोय! अगं, खाणीतला माणूस एक वेळ चड्डी विसरेल, बिल्ला विसरायचा नाही. मुद्दाम ठेवला त्यानं. त्याला म्हणायचं होतं, मी अजून तिथंच आहे, तिला वाटलं तर तिनं शोधावं. तू तो सरळ फळीवर धाडलास. म्हणजे काय? झालं बाबा, तू बाहेर पडलास, आता कुणी शोधायचं नाही."

मी थर्मामीटर न बघताच ट्रेमध्ये ठेवलं.

"आता कुठं आहेत ते?"

"पाय लंगडा, खाली कोण उतरवतंय? खाणीच्या तोंडाशी दिव्यांच्या खोलीत खिडकीशी बसतो. उतरणाऱ्यांना दिवे देतो, घेतो, फळीवर नजर ठेवतो. आणि कुढतो. बघवत नाही बाई, म्हणून मी आपला इथं येऊन पडलो."

रविवारी मी वसतिगृहाच्या दारात उभी राहिले. माझी पाटी उलटी करायला हात वर केला... आणि उलटी न करता काढूनच घेतली. कोटाच्या खिशात घातली आणि बस पकडली.

पाळी सुटायची वेळ. खाणीच्या फाटकाशी माणसं ओरडायलाच लागली, "ओ बाई! तिथंच थांबा! बाईमाणसाचा पाय इथं लागला की घात होतो, माहीत नाही का?"

"माहीत आहे! माझा बापही खाणीतच होता. मी आत नाही येत. खिडकीवाल्याला बाहेर बोलवा."

व्हर्लिन लंगडत आला. मला बघितलं आणि थबकला. टोपी काढली, परत घातली.

"दार चुकलंत, बाई," तो हळूच म्हणाला.

"नाही चुकले." मी पाटी त्याच्या हातात ठेवली. "ही तुझ्या खिळ्यावर टांग. आणि माझा बिल्ला मला दे."

"तुझा?"

"उशीखाली कुणासाठी ठेवला होतास मग?"

त्यानं पाटीवरच्या नावावरून अंगठा फिरवला. काळा डाग पडला, तो अजून आहे. "वेडी आहेस," तो म्हणाला. "मी तर समजलो—"

"मला सांगायला तोंड नव्हतं तुला? एरवी एवढा बडबडतोस..."

फाटकापाशी कुणीतरी शिट्टी वाजवली. तो कानांपर्यंत लाल झाला. कोळसा असूनही दिसत होतं.

परतले तर मिस हेन्सली रिकाम्या खिळ्यासमोर उभ्या. "पाटी कुठं आहे?"

"खाणीवर, मॅडम." आणि मी सगळं सांगितलं. आज टोपी जाणार, हे धरूनच.

"तो आता रोगी नाही," त्या म्हणाल्या. "पण पाटी शाळेची आहे. तिच्या बदल्यात नाताळपर्यंत बेडपॅन तू घासशील." जिन्यावरून वर जाताना थांबल्या. "आणि पुढच्या खेपेला, ऑर्लीना, उलटी करून जा. मी दवाखानाभर शोधत होते तुला."

मला कुणीतरी शोधत होतं, हे कळून मी तिथंच पायरीवर बसून रडले.

जानेवारीत शाळा संपली, वसंतात लग्न झालं. स्वयंपाकघराच्या दाराशी व्हर्लिननं दोन खिळे ठोकले, एक माझ्या पाटीचा, एक त्याच्या बिल्ल्याचा. जाताना काढायचं, घरी आलं की टांगायचं. मी रात्रपाळीहून यायचे तेव्हा आधी त्याचा खिळा बघायचे, मग कोट काढायचे. पोरंबाळं झाली नाहीत. भांडणं भरपूर झाली. पलंगाच्या चादरीचे कोपरे मी शेवटपर्यंत घट्ट खोचत राहिले, आणि तो शेवटपर्यंत तक्रार करत राहिला.

तरुणपणी छातीत भरलेली धूळ त्याला पुरून उरली. शेवटचा हिवाळा मीच त्याची नर्स होते. त्याला पुरताना बिल्ला मी त्याच्या कोटाच्या खिशात ठेवला. तो खिळा रिकामा आहे. त्यावर मी दुसरं काही टांगत नाही.

व्हर्लिन स्टिडम १९८६ सालच्या मार्चमध्ये वारला.