डोक्याची रुंदी

प्रयोगशाळेच्या कपाटात बारा वस्तू होत्या: नऊ परीक्षानळ्या, एक भिंग, फॉर्मॅलिनमधल्या बेडकाची बरणी आणि रुंदी मोजायचा एक पितळी कॅलिपर.

१९९४ साली हसनाबादच्या शाळेत मी बारावीला जीवशास्त्र शिकवायचो. आनुवंशिकतेचा धडा संपल्यावर एक तास पुस्तकाबाहेरचा घेतला. शंभरेक वर्षांपूर्वी शिकलेल्या माणसांनी डोकी मोजली, घराणी तपासली आणि कोणाला मूल होऊ नये हे ठरवलं. त्याला सुप्रजननशास्त्र म्हणत. परदेशात तसे कायदे झाले, हजारोंची सक्तीनं नसबंदी झाली. या मापांना अर्थ नसतो हे दाखवायला मी त्या कॅलिपरनं माझ्यासकट सगळ्यांची डोकी कानांच्या वर आडवी मोजली. बहुतेकांची साडेचौदा सेंटीमीटरच्या आसपास भरली. नंदाचं १४.६.

"मंग माझं लग्न जमंल ना, सर?" तिनं विचारलं. वर्ग हसला. जाफराबादचं स्थळ तिच्याही मनात होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

हे सगळं आता संपलं, असं सांगून मी तास संपवला.

त्याच आठवड्यात जाफराबादच्या मुलाचे वडील तातेराव शाळेत आले. सोयरीक पक्की करण्याआधी मुलीच्या मास्तरांकडे चौकशी करायची इकडे रीत आहे.

"पोरगी हुशार हाय, ते बराबर. पण तिच्या आत्याला कोड हाय. पुढं उतरतंय का?"

"उतरेलच असं नाही."

"बिलकुल उतरणार न्हाई, असं लिहून देता?"

ते खोटं ठरलं असतं. मी चहाचा कप त्यांच्याकडे सरकवला.

"समजलं," म्हणून ते चहा न घेताच उठले.

सोयरीक मोडली. सोमवारी नंदा वर्गात आली, तेव्हा तिचा चष्मा सारखा घसरत होता. काड्या कानांपासून सुटल्या होत्या. मधल्या सुट्टीत ती प्रयोगशाळेत आली.

"सर, परत मोजून बघा ना."

१३.९.

कॅलिपर पट्टीला लावून पाहिला. बिनचूक होता. माझं डोकं मोजलं, ते पूर्वीइतकंच. तिचं पुन्हा घेतलं. १३.९.

"दुखतंय का?"

"न्हाई. आवळल्यागत वाटतंय नुसतं."

तेवढ्यात तिची आत्या तुळजाबाई तिला शोधत आली. पन्नाशीची, हातांवर पांढरे डाग. डोक्यावरचा पदर फुगल्यासारखा दिसत होता.

"तुमीच का ते मास्तर? एकदा न्हाई म्हणला असता तर काय बिघडलं असतं?"

"खोटं कसं सांगणार, बाई?"

"मला पाहायला लई घरं आल्ती. इचारल्यावर सगळे खरंच बोलले, अन् घरं माघारी गेली."

तिचं लक्ष टेबलावरच्या कॅलिपरवर गेलं. नंदाला तिनं दार लावायला सांगितलं आणि स्टुलावर बसली. पदर मागे घेतला. त्याखाली कापड गुंडाळलेलं होतं. त्याचे वेढे ती एकेक करून सोडवू लागली.

नंदानं मान फिरवली.

"मोजा," तुळजाबाई म्हणाली.

मी कॅलिपरची टोकं तिच्या कानांच्या वर धरली आणि टेकेपर्यंत मिटत नेली.

९.४ सेंटीमीटर.