डावीकडे वळणारा रोबो

"हा चालत नाही," असं म्हणून त्याने काउंटरवर पत्र्याचा रोबो ठेवला. छातीवर रंगवलेले लाल-पिवळे दिवे, पाठीत किल्लीचं भोक... आणि किल्ली गायब.

"इथे घड्याळं दुरुस्त होतात," मी म्हटलं.

"याच्याही पोटात स्प्रिंगच आहे. आणि बाकी सगळ्यांनी हाकलून दिलंय आम्हाला."

इतकं बिचारं तोंड करून कोणी बोललं की माझा नाइलाज होतो. मी रोबो ठेवून घेतला. मागच्या टेबलावर बाबा उगाचच खाकरले.

काम दोन दिवसांचं होतं. मी तीन आठवडे लावले, खोटं कशाला बोलू? तो भूगोलाचा मास्तर. शाळा सुटली की थेट दुकानात यायचा, "पेशंट कसा आहे?" म्हणायचा आणि स्टुलावर बसून जुन्या अंतराळपटांच्या गोष्टी सांगायचा. रबरी मंगळवासी, त्यांच्या पाठीवर दिसणारी चेन, पुठ्ठ्याची यानं.

"आणि यान उडताना वरचा दोरा चक्क दिसतो," तो एकदा म्हणाला.

"मग त्यात मजा काय?"

"तीच तर मजा. दोरा दिसला की बरं वाटतं... कोणीतरी वरून धरून ठेवलंय म्हणून."

मी मान खाली घालून स्क्रू शोधायला लागले. स्क्रू माझ्या हातातच होता.

शेवटी बाबाच म्हणाले, "अगं, एव्हाना तो रोबो चंद्रावर जाऊन आला असता." मग लाजेकाजेस्तव नवी किल्ली बसवली. एक पाय जरा वाकडा होता, तोही हौसेने सरळ केला. पण हे सगळं करताना माझा हात चालेना. रोबो नेल्यावर हा इकडे कशाला फिरकेल?

शनिवारी तो आला. मी किल्ली दिली. रोबो खर्रखर्र करत नाकासमोर चालत गेला, कडेवरून पडता पडता मी झेलला. आणि मास्तरांचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"काही नाही, छान चालतोय. फक्त... आधी डावीकडे वळायचा. लहानपणी आई कामावर गेली की घरी मी एकटाच. याला सोडायचो, तर हा गोल फिरून माझ्याकडेच परत यायचा."

मी रोबोचा सरळ केलेला पाय चाचपला. "परत वाकवते ना. पण... वेळ लागेल."

"तीन आठवडे?" तो हळूच हसला.

"तुम्हाला कोणी—"

"मी," मागून बाबा म्हणाले. "काम दोन दिवसांचं आहे, हे पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं त्यांना."

माझे कान तापले. "मग तेव्हाच नेला का नाहीत?"

"नेला असता तर रोज यायला काय निमित्त उरलं असतं? आवडतेस तू मला," तो म्हणाला आणि एकदम थबकला. "म्हणजे... तुम्ही."

"तूच बरं आहे," मी म्हटलं. "मलाही तू आवडतोस."

बाबांना अचानक बाहेर काहीतरी काम आठवलं. मी पक्कड घेतली आणि पाय होता तसा वाकवला. एक मिनिटही लागलं नाही.

"इकडे ये, आतल्या बाजूला," मी म्हटलं. तो काउंटरला वळसा घालून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. मी किल्ली पिळून रोबो सोडला. तो खर्रखर्र करत गेला, काउंटरच्या टोकाशी डावीकडे वळला आणि सावकाश आमच्या दोघांकडे परत आला.